आवाज वाढवून उपयोग नाही

पाण्याखाली आवाज किती लांबवर ऐकू जाईल, याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडते. तेही रायपूरच्या समता कॉलनीत बसून, जिथून समुद्र गाडीने रात्रभराच्या वाटेवर. "पोट्टी कॉम्प्युटरात समुद्र भरते," असं बाबा सदर बाजारातल्या ओळखीच्या दुकानदारांना कौतुकाने सांगायचे.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. कानात मशीन घालायचं ते नावच काढू देत नसत, आणि माझा पारा चढायला तर वेळच लागत नाही. एकदा सांगून कळलं नाही की मी आवाज चढवायची, मग आणखी चढवायची. शेजारच्या दीदींनी एकदा हळूच विचारलंही, घरात काही भांडण झालं का. पुढे बाबांचं बाजारात जाणं थांबलं, मग बोलणंही. जेवायचे ते खाली मान घालून. समोर बसलेले असायचे, तरी मला त्यांची फार आठवण यायची.

नवतपाचे, मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाचे दिवस होते. दुपारी ऑफिसातल्या नव्या सहकारी बाईंचा फोन आला. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात सोनारला, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणाऱ्या यंत्राला, वस्तू सापडत नव्हती, म्हणून त्यांनी मॉडेलमध्ये सोनारचा आवाज दुप्पट केला होता. उत्तर जागचं हललं नव्हतं. मी पाठ झालेला धडा म्हणून दाखवला: आवाज वाढवला की तळावरून उठणारा गोंगाटही तेवढाच वाढतो. गोंगाट कमी करता येतो का बघा, नाहीतर ऐकणाऱ्याची जागा बदला.

फोन ठेवला आणि माझी मलाच लाज वाटली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बाबांच्या खोलीत कूलर घरघरत होता आणि त्यांची खुर्ची नेमकी त्याला लागून. वर्षभर मी ओरडत होते, आणि या उन्हाळ्यात तर त्या कूलरच्या वरताण. मी तो बंद केला, त्यांच्या उजव्या, त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी स्टूल ओढून बसले आणि साध्या आवाजात विचारलं, पन्हं करू का.

त्यांच्या कपाळावर घाम जमला, तरी कूलर लाव म्हणाले नाहीत.

"मले वाटलं," ते म्हणाले, "वर्षभरापासून तू माह्यावर रागावूनच राहिली."

"नाही बाबा," मी म्हटलं, अगदी हळू. त्यांना ते पहिल्याच वेळी ऐकू गेलं.