भीमेचं मीठ

बोअरच्या पाण्याने हंड्याच्या तळाला पांढरा थर धरतो. मुद्दाम कोणी तो चढवत नाही. आमच्या सोलापूरच्या शाळेत स्टाफरूममधले किस्से तसेच साठलेत, आणि त्यातले निम्मे बिराजदार सरांचे!

सर भूगोलाचे, मूळचे अक्कलकोटकडचे. सगळी नोकरी समुद्र शिकवण्यात गेली, पण पाहिला कधीच नाही. म्हणायचे, "रिटायर व्हायच्या आत एकदा जायचंय. आपलं मीठ पोचलं का, चाखून येतो की!"

वर्गात कोणी विचारलं, "सर, समुद्र खारट का?" की सरांचं उत्तर ठरलेलं. "आपल्यामुळं!"

मग समजावणार. पाऊस दगडमातीतले क्षार धुतो, ते भीमा कृष्णेला देते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पाणी वाफ होऊन ढगातून परत येतं, मीठ तिथंच राहतं.

एका मुलीने विचारलं, "मग आपलं मीठ आपल्याला परत कधी मिळणार?"

"किराणा दुकानात!"

*

एकदा तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, समुद्राच्या पाण्यात काय असतं? मराठी घरातली मुलगी म्हणाली, "मीठ." तेलुगू घरातली म्हणाली, "उप्पू." कन्नड घरातलीही म्हणाली, "उप्पू."

सर म्हणाले, "दोन मतं विरुद्ध एक. उप्पू पास!"

*

एका उन्हाळ्यात सरांनी गच्चीवर परातीत मिठाचं पाणी ठेवलं. पाणी उडून मीठ कसं उरतं, ते मुलांना दाखवायचं होतं. दुपारी मुलांना घेऊन वर गेले, तर परात लख्ख! शेजारी पीटीचे पवार सर कैरी खात उभे.

"सर, तुमचा समुद्र लई भारी लागला!"

*

यंदा सर रिटायर होणार, म्हणून स्टाफची सहल खास त्यांच्यासाठी कोकणात काढली. बुकिंग झाल्यावर सर नकाशाकडे बघत हळूच म्हणाले, "पण भीमा तिकडं जात न्हाय." मला फार वाईट वाटलं. पूर्वेचा किनारा लांब, सुट्ट्या कमी, करणार काय?

किनाऱ्यावर सर पँट दुमडून गुडघाभर पाण्यात गेले. बोट बुडवून चाखलं. आम्ही सगळे बघत होतो.

"कसा आहे, सर?"

"खारट हाय. पण आपला न्हाय."

मग त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. घरच्या हंड्याच्या तळाचा खरवडलेला पांढरा थर! तो पाण्यात सोडला, हाताने ढवळलं आणि पुन्हा बोट चाटलं.

"हां. आता बरोबर!"