साडेतीन तास मागचं घड्याळ

१२ नोव्हेंबर. सकाळची भांडी आटोपून मी वन्संच्या खोलीत कुंच्यांना नाड्या ओवत बसले होते. कुंच्या मलावीतल्या बाळांसाठी, नाताळच्या पार्सलात जायच्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आणि सांगलीत राहून आफ्रिकेत संसार करणारी बाई जगात त्यांच्याशिवाय दुसरी सापडायची नाही.

लग्न त्यांनी केलं नाही. मिशन दवाखान्याच्या शिवणखात्यात चादरी आणि झबली शिवण्यात नोकरी संपली. दर रविवारी त्या चर्चमध्ये मुलांचा संडे स्कूलचा वर्ग घ्यायच्या. त्या वर्गातली एस्तेर पुढं नर्स झाली आणि मिशनतर्फे मलावीला गेली. त्या दिवसापासून वन्संही मनानं तिकडं राहायला गेल्या; देह तेवढा आमच्या शेजारच्या खोलीत. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ मलावीच्या वेळेवर चालतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. एस्तेर उठते तेव्हा या प्रार्थनेला बसतात, आणि ती जेवते तेव्हा, म्हणजे आमच्या साडेचारला, ताट घेतात. पाहुण्यांनी साडेबाराला भुकेचा विषय काढला तर घड्याळाकडं बोट दाखवतात. "आत्ताशी नऊ वाजल्यात. एवढ्यात जेवतंय व्हय कोण?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकदा अकराची वेळ दिली होती. या अडीचला पोचल्या आणि वर तिथल्या कंपाउंडरलाच म्हणाल्या, "तुमचं घड्याळ पुढं पळतंय, दुरुस्त करून घ्या."

कुंच्यांचा हट्टही त्यांचाच. आफ्रिका म्हणजे उकाडा, तिथं टोपरं कशाला, असं मी म्हटलं होतं. "पाऊस काय आमच्या पोरास्नी सोडून पडतोय?" त्यांनी मला विचारलं. नंतर एस्तेरनं फोटो पाठवला. दवाखान्याच्या ओसरीवर आया रांगेनं बसलेल्या आणि प्रत्येकीच्या मांडीवर खणाच्या काठाची कुंची घातलेलं बाळ. तो फोटो वन्संनी फ्रेम करून घड्याळाखाली लावला.

आमच्या गल्लीला त्यांनी एकदा चांगलाच घाम फोडला. जानेवारीचा महिना होता. दारात उभ्या राहून त्या फोनवर पास्टरबाईंना ओरडून सांगत होत्या, "पाणी चढाय लागलंय! पुलाला टेकलंय! माणसं वरच्या अंगाला हलवल्यात!" सांगलीत हे कानावर पडल्यावर कॅलेंडर कोणी बघत नाही. धरणाचं काहीतरी झालं असणार, असं म्हणत समोरच्या तांबोळीभाभींनी धान्याचे डबे माळ्यावर चढवले, आमच्या घरातल्या शहाण्यानं फ्रीज टेबलावर ठेवला आणि मी नदी बघायला गेले. पात्रात म्हशी निवांत बसल्या होत्या. परत येऊन विचारलं, "आवं वन्सं, पूर आलाय कुठं?"

"एस्तेरकडं. हितं कशाला येतोय जानेवारीत? तुमाला डोकं हाय का न्हाई?"

फ्रीज उतरवताना नवऱ्याची कंबर धरली. भाभी मात्र आठवडाभर रोज विचारत होत्या, "आक्का, आपल्या पोरीकडचं पाणी उतरलं का?"

एवढं सगळं, आणि या बाईला बस लागते. चर्चची सहल महाबळेश्वरला निघाली, तेव्हा या अर्ध्या वाटेत मलकापूरलाच उतरल्या आणि भाच्याच्या घरी बसून राहिल्या. बस परतताना त्यांना तिथूनच उचलून आणलं. पासपोर्ट मात्र काढलेला आहे. मुदत संपली तसा तो दोनदा नवा करून घेतला. शिक्का एकही नाही. विसाव्या वर्षी त्यांचंही बाहेरच्या मिशनसाठी नाव निघालं होतं, पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि घरात माझा नवरा सात वर्षांचा. हे मला नवऱ्यानं सांगितलं. वन्सं त्यावर कधी बोलल्या नाहीत.

तर त्या दिवशी नाड्या ओवताना माझ्या फोनवर एस्तेरचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. मिशन आणखी तीन वर्षं थांब म्हणतंय. दोनदा मलेरिया होऊन गेलाय, अंगात त्राण नाही. शिराळ्यात आई पाय मोडून एकटी पडलीय. इथं दवाखान्यातले सगळे 'राहा' म्हणतात. शेवटी म्हणाली, "मावशी, तुम्ही सांगाल तसं करते. आजच कळवायचंय."

वन्सं काय सांगणार, याबद्दल मला शंका नव्हती. एस्तेर परत आली तर या बाईकडं उरणार काय? त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत, म्हणजे मलावीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत, तोंड उघडलं नाही. मग म्हणाल्या, "रेकॉर्ड कर."

मी फोन त्यांच्या तोंडापुढं धरला.

"एस्तेर, ये पोरी. कामाला देव दुसरं कुणीबी धाडंल. तुज्या आईला दुसरी लेक कुठनं धाडंल? मी हितं पंख्याखाली बसून 'ऱ्हा' म्हणाय माझं काय जातंय? ये तू."

फोन ठेवला. मी म्हटलं, "मग आता पार्सल?"

"पार्सल जाऊ दे की. एस्तेर येणार म्हणून बाळं जन्माला यायची थांबणार हायत व्हय?" त्यांनी पुन्हा सुई हातात घेतली. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाल्या, "ते घड्याळ आपल्या टायमाला लावून टाक. लय वर्सं तुजी कटकट हाय."

कटकट होतीच. "उद्या बघते," मी म्हटलं. नाड्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात जायच्या आधी स्टुलावर चढले. घड्याळ उतरवलं, पुसलं, नवा सेल घातला. फोनमध्ये साडेनऊ वाजले होते. काटे बरोबर सहावर आणले आणि घड्याळ परत खिळ्याला अडकवलं.

वन्संनी चष्मा सारखा केला. बराच वेळ वर बघत राहिल्या.

"सहा वाजले," त्या म्हणाल्या. "उठली आसंल."

आणि प्रार्थनेला बसल्या. मी खोका उचलून पोस्टात गेले.