अण्णा वाऱ्याखाली उभे राहायचे

अण्णांच्या बाबतीत मी एकदा खोटं बोललो आणि त्यांचा दावा फेटाळला गेला. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, अण्णांना तर नाहीच. ते होते तोवर धीर झाला नाही. आता निदान ते कसे होते ते लिहावं, आणि लिहिता लिहिता हेही सांगून टाकावं, म्हणून बसलो आहे.

आवाज ही अण्णांची पहिली ओळख. उभं आयुष्य हवाई दलात गेलं, तेही सुरू असलेल्या इंजिनांशेजारी. हळू बोलायचं असतं हेच ते विसरून गेले होते. कागलजवळच्या त्यांच्या गावात म्हणायचे, "अण्णांनी कानात सांगितलं की गल्लीत दवंडी." मी कोल्हापूरकडच्या मलकापूरचा. नोकरीत नवखा असताना उत्तरेतल्या एका तळावर बदली झाली. हँगरच्या दारात पाऊल टाकलं तोच आतून आवाज आला, "कोण पावणं? कोल्हापूरकडचं दिसतंय!" मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. म्हणाले, "चालण्यावरनं वळाकलं की. असं पाय आपटत आपलीच मानसं येत्यात." त्या दिवसापासून मी कामाला त्यांच्या हाताखाली आणि रविवारी जेवायला त्यांच्या घरी. त्यांच्या बायकोच्या, वहिनींच्या हातचं खाऊन मी ते परमुलखातले दिवस काढले.

आमच्या सेक्शनमध्ये विमानांची चाकं आणि ब्रेक दुरुस्तीला यायचे. ब्रेक उघडला की आत झिजलेल्या लायनिंगची भुकटी साचलेली असायची. राखेसारखी करडी, पिठाहून बारीक. हवेच्या नळीनं ती उडवून टाकायची, अशी पद्धत होती. नळी हातात घेतली की अण्णा आम्हा पोरांवर खेकसायचे, "भाईर व्हा सगळी! चा पिऊन या." स्वतः तोंडाला रुमाल बांधायचे आणि त्या ढगात उभे राहायचे. बाहेर आले की भुवया पांढऱ्या. एकदा मी हट्टानं आतच थांबलो, तर मानगुटीला धरून बाहेर काढलं. "आमच्यात मळणीला थोरल्यानं वाऱ्याखाली हुबं ऱ्हायाचं असतंय. भुसकाट त्यानं खायाचं, बारक्यांनी न्हाय." त्या भुकटीत ॲस्बेस्टॉस आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. धुरळा छातीला वाईट, एवढंच त्यांना कळत होतं.

मास्क नव्हते असं नाही. चांगले, फिल्टरचे मास्क होते. पण ते कपाटात होते. इन्स्पेक्शनला साहेब आले की कपाट उघडायचं, नवेकोरे मास्क ओळीनं मांडून दाखवायचे आणि साहेब गेले की पुन्हा बंद. वापरले तर मळणार, मळके दिसले तर शेरा येणार, नवे मागवले तर कधी येतील कोण जाणे. म्हणून कुणी वापरायचेच नाहीत. सगळीकडे हीच रीत होती आणि आम्हाला तिच्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची.

एकदा अण्णा आले. "किल्ली दे रं. आज लई साचलंय."

मी म्हणालो, "अण्णा, सोमवारी इन्स्पेक्शन आहे. माझी वाट लागंल."

ते सार्जंट होते, मी त्यांच्यापुढे पोरगा. हुकूम सोडला असता तर मला द्यावीच लागली असती. पण ते हसले. "ऱ्हाऊ दे मग. जप तुझ्या कपाटातल्या नवऱ्या. लगीन झाल्याबिगर तोंड दाखवू नगं म्हणावं त्यास्नी." सगळं सेक्शन हसलं, मीही हसलो. ते रुमाल बांधून आत गेले. त्यानंतर त्यांनी कधी किल्ली मागितली नाही आणि मीही कधी आपणहून दिली नाही.

निवृत्तीनंतर गावात त्यांनी दोन म्हशी घेतल्या. सकाळी डेअरीला दूध घालायला जायचे आणि येताना चावडीपाशी तरण्या पोरांच्या मोटरसायकली अडवायचे. ब्रेक दाबून बघायचे. "ह्यो ब्रेक हाय का चेष्टा? थांबता येत न्हाय तर पळतोस कशाला? बैल धर जा." पोरं वैतागायची, पण सार्जंट दिसला की गाडी हळू करायची. मीही दल सोडून कागलच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागलो होतो, सुरक्षा विभागात. हेल्मेट न घालणाऱ्या कामगाराला दंड करणं हे माझं काम. दर आठवड्याला मी अण्णांकडे जायचो.

मग डेअरीच्या चढावर ते दम लागून थांबायला लागले. एकदा, मग दोनदा. कोल्हापूरच्या एका छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच घेऊन गेलो. छातीचा एक्स-रे फोटो बघून त्यांनी विचारलं, "आजोबा, आयुष्यभर काय काम केलंत?" तोवर कुठल्या डॉक्टरांनी हे विचारलं नव्हतं. अण्णांनी सगळं सांगितलं, नळी, भुकटी, ढग. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि ॲस्बेस्टॉसचं नाव घेतलं.

अण्णा पुढे सरकले. "म्हंजे त्यो सिमेंटचा पत्रा? आमच्या गोठ्यावर हाय त्यो? त्यो माझ्या छातीत कसा गेला वो बाई?"

बाई हसल्या नाहीत. हा रोग परत फिरत नाही, म्हणाल्या. हवाई दलाकडे दावा मात्र करा, कारण हा नोकरीतनं आलेला आहे.

अण्णांना स्वतःसाठी फारसं काही नको होतं. वहिनींसाठी हवं होतं. आजार नोकरीमुळे झाला असं मान्य झालं, तर त्यांच्या माघारी वहिनींना वाढीव पेन्शन मिळणार होती. मूलबाळ नाही, जमीन भावकीत अडकलेली. दाव्यात सोबत काम केलेल्या माणसाचं नाव द्यायचं होतं. त्यांनी माझं दिलं. "दुसरा कोन हाय? ह्याला मी घडीवलाय."

चौकशीला मला बोलावणं आलं. समोरचे अधिकारी सभ्य होते, चहा मागवला. विचारलं, "धुळीपासून बचावाची साधनं होती का?"

"होती."

"वापरली जायची?"

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न उघड होता: का नाही? कपाट कुणाच्या ताब्यात होतं? मला माझी पेन्शन दिसली, कारखान्यातली नोकरी दिसली, दंड केलेले कामगार दिसले. मी म्हणालो, "हो सर. नेहमी."

दावा नामंजूर झाला. नोकरीशी संबंध सिद्ध होत नाही, साधनांचा नियमित वापर होत असे, वगैरे. ते कळलं तेव्हा अण्णा खाटेवर बसून होते, शेजारी ऑक्सिजनचं मशीन. तो आवाज गेला होता. ऐकायला मला वाकावं लागलं.

"मास्क हुतं म्हनं," ते म्हणाले. "व्हय, हुतं की. खोटं कुठं हाय?" दम घेतला. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू छातीचा फोटो काढलास का न्हाय?"

मी नाही म्हणालो.

"काढ. उद्याच काढ."

काढला. स्वच्छ निघाला. नेऊन दाखवला, तर त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरून किती तरी वेळ पाहिला आणि वहिनींना हाक मारली. "बघ गं. पोराची छाती कशी हाय बघ. भाईर घालवत हुतो ते बरंच केलं." इतकं खूश मी त्यांना त्या आजारपणात कधी पाहिलं नव्हतं. मी काय साक्ष दिली ते त्यांना कळलं होतं का, हे मला माहीत नाही. कळलं नसेल असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही असं आता वाटतं.

उसाच्या तोडी सुरू असताना ते गेले. गावातले माजी सैनिक गणवेशातल्या टोप्या घालून आले होते. ज्यांच्या गाड्या अडवल्या होत्या ती पोरंही आली. मी खांदा दिला.

वहिनींनी आता अपील केलं आहे. पुतण्या धावपळ करतो, वकील म्हणतात सोबतच्या माणसाची साक्ष फिरवली तरच काही होईल. वहिनींना त्याचा अर्थ लागलेला नाही. परवा गेलो तर चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "भावजी, तुमी आमच्यासाठनं साक्ष दिलीसा, तरी न्हाय म्हनलं बगा त्यानी. तुमी तरी काय करनार? कुनी एवडं करतंय व्हय?" मी चहा प्यायलो. दूध त्यांच्याच म्हशीचं होतं. आता एकच उरली आहे.

चौकशीत मी काय बोललो ते वहिनींच्या समोर बसून त्यांना सांगायचं राहिलं आहे. त्यांच्या अपिलात ते लिहून द्यायचंही राहिलं आहे. माझी पेन्शन राहो की जावो, एक खरी साक्ष मी त्यांना देणं लागतो.