सांभारवडीचा नंबर

ते पाककृतींचं पुस्तक आईला लग्नात तिच्या शाळेतल्या बाईंनी दिलेलं. जाडजूड, खाकी कव्हर घातलेलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी वर्गात बोलून बसले, की यातला एकेक पदार्थ पहिल्या पानापासून ओळीनं करणार, एकही न गाळता, आणि प्रत्येकाचा फोटो स्टेटसला टाकणार. मैत्रिणी म्हणाल्या, "तू? तुले चहा तरी येते का वं?" झालं, मी इरेलाच पेटले.

आई तेव्हा आजारी होती. बाबा तिला खामगावहून अकोल्याला केमोसाठी न्यायचे. चमचाभरच जायचं तिला, पण तेवढं खाऊन ती पदार्थाशेजारी पेन्सिलीनं मार्क द्यायची, दहापैकी. सगळा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलेला; पोटच्या पोरीलाही अर्धा मार्क उगाच देईल तर शपथ! आमटीला चार दिले तेव्हा मी दोन दिवस फुगून बसले होते.

पौषात आमच्या बाजारात सांभार, म्हणजे कोथिंबीर, ढिगानं येतो. एका सकाळी आई म्हणाली, "आज सांभारवडी कर ना. मले लय खावीशी वाटून राह्यली."

मी कोशिंबिरींत अडकले होते. तळणाचे पदार्थ त्यानंतर.

"नंबरानं येईन ना आई. मधातलं पान सोडलं तर चॅलेंजच मोडते."

"बरं बाई, नंबरानं तर नंबरानं. मी काय पळून जाऊन राह्यली कुठी?"

मी तिच्यापुढे मुळ्याची कोशिंबीर ठेवली. तिनं ती खाल्ली आणि सात मार्क दिले. मैत्रिणींनी स्टेटसला लाल बदाम पाठवले, म्हणून मी दिवसभर खूश होते.

होळीच्या आधी आई गेली. तेव्हा तीन कोशिंबिरी उरल्या होत्या.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर कढई चढत नाही. तळण नाही, सण नाही. दिवाळीचा डबा शेजारच्या काकूंकडून आला. पुस्तक मी कपाटात टाकलं. पुढच्या पौषात पुन्हा सांभाराचे ढीग लागले. मी जुडी उचलायची, वास घ्यायची, ठेवून द्यायची. भाजीवाली एकदा चिडलीच, "घ्याची असन तं घ्या बाई, हात लावू लावू काऊन सुकवून राह्यल्या?" माझा मलाच इतका राग यायचा! नियम कोणी घातला होता? मीच ना? चार पानं उलटायची होती फक्त. मरो ते चॅलेंज.

वर्षश्राद्धाला कढई चढली. उरलेल्या तिन्ही कोशिंबिरी तशाच सोडून मी वडीचं पान उघडलं. बेसनाच्या पोळ्या लाटल्या, सांभार, तीळ, खसखस, खोबरं भरून घड्या घातल्या, तळल्या. पान वाढायच्या आधी चव घ्यायची नसते, त्यामुळे मिठाचा अंदाजच.

आईचं पान वाढून झालं, मग आम्ही बसलो. बाबांनी एक वडी तोडली. "मस्त झाली वं." बाबा कशालाही मस्तच म्हणतात. मी खाल्ली. मीठ कमी होतं. आईनं पाच दिले असते, फार तर सहा.

ओट्यावर पुस्तक उघडंच होतं. वडीशेजारची जागा कोरी.

"आई, आला वं तुझा नंबर," मी मोठ्यानं म्हणाले.

बाबा ताट तसंच ठेवून उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.