घरात लावलेला कॉशन

मी जवळ असलो की माझ्या बायकोचं ब्लडप्रेशर वाढतं, हे मला डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून कळलं.

गेल्या पावसाळ्यात तिच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. मी रेल्वेत इंजिनीअर आहे, रूळ सांभाळणं हे माझं काम. रुळावरून नुसतं चालत गेलो तरी कुठला स्लीपर हलतोय ते माझ्या पायांना कळतं. पण लखनौला, विकासनगरच्या आमच्या घराचा जिना चढताना ती मधल्या वळणावर पिशवी खाली ठेवून का थांबते, हे काही मला कळलं नाही. मला वाटायचं, शेजाऱ्यांच्या कुंड्या बघतेय.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "दवा मेरा काम है. इनका मन हल्का रखना आपका काम."

मी मान हलवली आणि ते काम साइटवरच्या कामासारखं अंगावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ तिच्या दंडाला पट्टा बांधून मी प्रेशर मोजू लागलो. पानातलं लोणचं गेलं, पापड गेला. भाजी फोनवरून यायला लागली. ती बाल्कनीत उन्हाला शांत बसली, तरी मी जाऊन उभा राहायचो.

"काय होतंय?"

"काही नाही."

"मग बोलत का नाहीस?"

"अहो, बोलण्यासारखं काही नाही म्हणून."

"मनात काही ठेवू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय."

एकदा मी तिला पार्कातल्या हास्यक्लबात घालायचं ठरवलं आणि सोबत मीही येतो म्हणालो. ती म्हणाली, "हसायला तरी मला एकटीला सोडा."

मी सगळ्यात वाईट केलं ते निशातगंजचं. दर शनिवारी ती वरच्या मजल्यावरच्या भाभींबरोबर ई-रिक्शाने तिथल्या बाजारात जायची. आणायची काय, तर ब्लाउजला लावायची लेस, चार गुंड्या, पावशेर आलं. साताऱ्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिला धड हिंदी येत नव्हतं. ती ते त्या बाजारात घासाघीस करत शिकली, आणि आता दुकानदारच तिला "आइए दीदी, आज क्या लड़ाई है?" असं विचारतात. गर्दी, धूळ, भाव करताना चढणारा आवाज, हे सगळं हृदयाला वाईट, असं म्हणून मी ते बंद केलं. ती भांडली नाही. ती भांडली नाही, याची मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

प्रेशर काही खाली येईना. हिवाळ्यात दाखवायला गेलो तेव्हा मी फोनमधले आकडे डॉक्टरांसमोर धरले. त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि गोळी वाढवायचं बोलणं निघालं. एवढ्यात सोबत आलेली आमची मुलगी म्हणाली, "डॉक्टर साहब, बाबा नापते हैं तभी ज़्यादा आता है. मैं नापती हूँ तो ठीक रहता है." ती लखनौची. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "आप ज़रा बाहर बैठेंगे?"

बाहेर बसलो. थोड्या वेळाने आतून बायकोचं हसू ऐकू आलं. ते मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं, ते त्या वेळी लक्षात आलं.

मुलगी बाहेर येऊन शेजारी बसली. "नॉर्मल है. दवा नहीं बढ़ाई."

मी आकड्यांचा फोन खिशात घातला.

"बाबा, नाराज़ मत होना यार. पिछले शनिवार मैं आई को निशातगंज ले गई थी. लौटकर नापा, सबसे अच्छा उसी दिन आया."

"आणि जिना?"

"बीच में रुकी थी. साँस फूल रही थी थोड़ी."

"मला का नाही सांगितलं?"

"आई ने मना किया. बोली, बता दिया तो फिर बिठा देंगे." मग माझा चेहरा बघून ती घाईने म्हणाली, "डॉक्टर को अभी सब बता दिया. बोले, धीरे-धीरे चलिए, पर छिपाइए मत."

पावसाळ्याआधी तिला दम लागत होता तो मला दिसला नाही. आता दिसावा म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, आणि ती तो माझ्यापासून लपवायला शिकली होती.

रुळाची दुरुस्ती झाली की त्या जागी आम्ही कॉशन लावतो, म्हणजे काही दिवस गाड्या तिथून हळू न्यायच्या. मग तपासत तपासत वेग वाढवायचा आणि शेवटी कॉशन उठवायचा. लावायला धाडस लागत नाही. उठवायला सही करताना हात थांबतो, म्हणून काही जण तो उगाच ठेवून देतात. हाताखालच्यांना मी नेहमी सांगतो, गाड्या अंगावरून जातात तेव्हाच खालची खडी नीट बसते, नुसतं राखून रूळ पक्का होत नाही. हे सांगणारा माणूस घरी बायकोला खुर्चीत बसवून ठेवत होता.

रविवारी गच्चीत ऊन होतं. ती मटार सोलत बसली होती. मीही एक मूठ ओढून घेतली.

"मशीन तू आणि पोरगी बघा. मी नाही मोजणार," मी म्हणालो.

"बरं."

"मला भीती वाटते गं. तुझ्याकडे बघितलं की वाटतं, या वेळीही काहीतरी सुटेल माझ्या नजरेतून."

तिने एक शेंग सोलली, दाणे माझ्या तळहातावर ओतले. "तुमची भीती मला कळते हो. पण तुमचा चेहरा बघितला की माझ्याच छातीत धडधडतं. मग मी तुम्हाला सांभाळू की मला?"

मी दाणे तसेच धरून बसलो. ती म्हणाली, "खा. कच्चे गोड लागतात."

पुढच्या शनिवारी मी विचारलं, "निशातगंजला मी येऊ?"

"या. पिशवी धरा. भाव करताना मध्ये बोलायचं नाही."

तिने लेस घेतली, आलं घेतलं, गुंड्यांच्या दुकानात माझ्याकडे बोट दाखवून "ये हमारे साहब हैं, इनको बिठाइए" म्हणाली, आणि मला स्टुलावर बसवून पोटभर भांडली. मी मध्ये बोललो नाही.

घरी आल्यावर जिन्याच्या वळणावर ती थांबली. मी एक पायरी खाली होतो, पिशवी माझ्या हातात. विचारायचं जिभेवर आलं होतं. मी कुंड्यांकडे बघत उभा राहिलो. शेवंतीला बारीक पिवळ्या कळ्या आल्या होत्या.

"दम लागलाय थोडा," ती मागे न वळता म्हणाली. "थांबा जरा माझ्याजवळ."

मी ती पायरी चढून तिच्याशेजारी उभा राहिलो.