माहेरचा लॅपटॉप

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला लेक माहेरी आली आणि पाणी पिण्याआधी तिने विचारले, "आबा, रविवारी दुकानं उघडी असतात ना?" आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, रविवारीच होती. आमच्याकडे या सणाला लेकी माहेरी येतात, अंगणात झोके बांधतात, आणि परत जाताना लेक काहीतरी घेऊन जाते. पहिल्या वर्षी ते काहीतरी जरा मोठे असते. तिच्या आईने कानातले ठरवले होते. लेकीने कानातल्यांऐवजी लॅपटॉप मागितला.

कारण होते. लग्नाआधी ती पुण्यात एका लहान कंपनीत संगणकावरचे खेळ तपासायची. खेळ बाजारात येण्याआधी तो खेळायचा, चुका शोधायच्या, लिहून कळवायच्या. लग्न होऊन ती धुळ्याला गेली आणि संगणक कंपनीत राहिला. आता कंपनीने कळवले होते की घरून काम करता येईल. मशीन स्वतःचे हवे, त्यात वेगळे ग्राफिक कार्ड हवे. एक नवा खेळ त्या मशीनवर दुपारभर चालवून बुधवारी सकाळपर्यंत अहवाल पाठवायचा होता. तो गेला नाही तर जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळणार होती. जावयांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर हा खेळ उघडतही नव्हता.

"खेळायला साठ हजार?" तिची आई म्हणाली.

"खेळायला नाही, आई. खेळ तपासायला."

"त्यात काय तपासायचं?"

"माणूस भिंतीतून आरपार जातो का, पाण्यात पडला तर वर येतो का, कुठे अडकतो का."

"आणि अडकला की तुला पगार?"

"अडकला की पगार."

आई तयार झाली, पण तीन अटींवर. खरेदी आखाजीलाच करायची, खोके सीलबंद हवे, आणि वस्तू जळगावची हवी. तिसरी अट बोलून दाखवण्याचीही गरज नव्हती. माहेरचे देणे माहेरच्या गावातूनच निघते.

रविवारी दुपारी मी आणि लेक दुकानात गेलो. दुकानदाराचे आजोबा राजस्थानातून आले तेव्हा रेडिओ विकायचे. आता काचेमागे लॅपटॉप होते आणि काउंटरवर हळद-कुंकवाचे ताट. लोक सीलबंद खोकी घेत, खोक्यावरच कुंकू लावत आणि निघून जात. लेकीने शोकेसमधला नमुना खाली काढायला लावला. साठ हजारांच्या आतले वेगळ्या कार्डाचे मशीन दुकानात ते एकच होते. बरोबर आणलेल्या हार्ड डिस्कवरून तिने त्यात खेळ भरला आणि विचारले, "मागे एसी नसलेली जागा आहे का?"

"ताई, एसी सोडून बाहेर कशाला?"

"माझ्या घरी एसी नाही."

दुकानदाराने गोदामाच्या बोळात प्लॅस्टिकचे स्टूल ठेवून दिले. बोळात पत्रे तापले होते. ती उभ्यानेच खेळत होती. मी आत-बाहेर करत होतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर पान सोडायची वेळ जवळ आली की मी असाच फिरायचो, निवृत्तीनंतर ते बंद झाले होते. पहिली काही मिनिटे चित्र पाण्यासारखे चालले. मग पडद्यावरचा माणूस पाऊल उचलून थांबायला लागला. पंख्यांचा आवाज चढला. कीबोर्डवर हात ठेववेना.

"गरम तर होणारच. जळगाव आहे," दुकानदार म्हणाला.

"शेठ, पापड ठेवून पाहा," बोळाच्या तोंडाशी उभा असलेला एक गिऱ्हाईक म्हणाला.

लेकीने चार्जर हातात घेऊन त्याच्या वजनाचा अंदाज घेतला, मागची बारीक अक्षरे वाचली आणि तो परत ठेवला. तिने समजावले ते असे. कार्डाचे नाव तेच असते, पण एक कंपनी त्याला पुरेशी वीज देते, दुसरी कमी देते. कमी वीज दिली की मशीन पातळ करता येते आणि स्वस्त विकता येते. खोक्यावर दोन्हीकडे नाव सारखेच छापतात. फरक चार्जरच्या आकारावरून कळतो.

घरून फोन आला. "आज दिवसभर मुहूर्त असतो," तिची आई म्हणाली, "तरी तुम्हाला जमेना?"

दुकानदाराने स्वतःच दोन फोन लावले. दुसऱ्या फोनवर तो मारवाडीत बराच वेळ बोलला. "धुळ्याला माझ्या साडूकडे आहे एक," तो म्हणाला. "मोठा चार्जर. जाड आहे, दिसायला बरा नाही. आणि शोकेसमधला आहे, सील तुटलेलं. म्हणून भाव बसतो."

तीनपैकी एकही अट त्यात बसत नव्हती.

संध्याकाळी जेवताना आमरसाच्या वाट्या तशाच राहिल्या. "धुळ्यातनं घेऊन धुळ्यातच ठेवायचं," आई म्हणाली. "मग माहेरनं दिलं काय?"

"बिल आबांच्या नावाचं असेल."

"बिल बघायला येतात का लोक?"

लेक ताट सोडून गच्चीवर गेली. तिच्या येरझाऱ्या खाली ऐकू येत होत्या. बऱ्याच वेळाने आईनेच तोड काढली. मुहूर्त गेला तर गेला, सीलही जाऊ दे. पण वस्तू धुळ्याहून जळगावला येईल, इथे तिला कुंकू लागेल, आणि मग लेकीबरोबर धुळ्याला जाईल.

एक अडचण राहिली. मशीन पारखायचे तर लेकीने जायला हवे होते. पण माहेरपणाला आलेली लेक सासरच्या गावात जाऊन, घरी पाऊल न टाकता परत कशी येणार? आणि घरी पाऊल टाकले तर माहेरपण तिथेच संपले. म्हणून मी एकट्याने जायचे ठरले. खेळ मी चालवायचा, ती फोनवरून पाहणार. त्या रात्री तिने मला शिकवले. कोणत्या कळीने माणूस पुढे जातो, कोणत्या कळीने उडी मारतो, सेकंदाला किती चित्रे सरकतात तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात कुठे असतो. "आकडा चाळीसच्या खाली गेला की सांगा. बाकी जिंकायचं नाहीये."

सोमवारी सकाळच्या बसने निघालो. एरंडोल, पारोळा मागे पडले तसा वारा गरम होत गेला. हार्ड डिस्क शर्टाच्या आत धरली होती. व्याह्यांकडे कळवले नव्हते. कळवले असते तर जेवण आले असते, दुपार गेली असती आणि शेवटची बसही.

धुळ्याच्या दुकानदाराला जळगावहून निरोप होता. त्याने मशीन दुकानाबाहेर ओट्यावर, सावलीत मांडून दिले. चार्जर खरोखर विटेएवढा होता. मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला आणि खेळ सुरू केला. माझा माणूस पहिल्याच मिनिटाला नदीत पडला.

"आबा, नदी सोडा. गावात फिरवा त्याला."

गावात त्याला फिरवला. तो भिंतीकडे तोंड करून पळत राहिला. शेजारच्या रसवंतीवरचे दोघे येऊन उभे राहिले. "काका, मागं बघा, मागून येतोय," एक म्हणाला. "काकांना भिंत आवडली," दुसरा म्हणाला. माणूस मारला गेला. पुन्हा सुरू केला. लेक फोनवरून फक्त आकडा विचारत होती. पंचावन्न. अठ्ठावन्न. बावन्न. ऊन ओट्याच्या कडेला आले, मशीन तापले, पंखे घोंघावले, आकडा पन्नासच्या आसपास राहिला. मला मात्र बसवत नव्हते. दर दोन मिनिटांनी मी रस्त्याकडे पाहत होतो.

"काय याहीबोवा, धुळ्याले उनात आनि घर नही उनात?"

विहीणबाई समोर उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी. धुळ्याला येऊन घरी न आल्याचा जाब त्या त्यांच्या अहिराणीत विचारत होत्या. मी उठलो, नमस्कार केला आणि काय चालले आहे ते सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मशीन जळगावला नेऊन परत आणणार हेही मी सांगितले. ते त्यांना अजिबात विचित्र वाटले नाही. "मायना घरथून येवाले पायजे," त्या म्हणाल्या. आईच्या घरूनच यायला हवे. मग बाटलीला टेकवलेला फोन त्यांनी उचलला.

"काय माय, हाई घर कोठे ठेवशी?"

"माडीवर, आई. दुपारी तिथं कोणी नसतं."

"माडीवर भट्टी व्हस दुपारले. खाले बस, कूलर शे तठे."

"खाली पाहुणे येतात. मी हेडफोन लावून बसले तर बरं दिसेल का?"

विहीणबाईंनी भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली. "पाहुना उनात ते त्या माडीवर जातीन," त्या म्हणाल्या. पाहुणे आले तर पाहुणेच वर जातील, खालची खोली हिची. मला म्हणाल्या, "आते चला, च्या पी घ्या. बस चुकाडत नही मी तुमनी."

चहा रसवंतीच्या बाकावरच झाला. शेवटची बस मिळाली.

घरी मशीनला कुंकू लागले. जाड खोके पाहून तिची आई म्हणाली, "निदान वजन तरी आहे." मंगळवारी दुपारी लेकीने मधल्या खोलीत दोन पालथ्या वाट्यांवर मशीन ठेवले. इथल्या कूलरची ओल थेट मशीनवर येते म्हणून तो बंद केला आणि खेळायला बसली. कोणीही तिच्याशी बोलले नाही. शेजारच्या अंगणात झोक्यावर मुली गात होत्या. तिची आई दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरली. मी पेपर उघडून बसलो होतो आणि एकाच बातमीवर अडकलो होतो. संध्याकाळी तिने हेडफोन काढले, पाठ सरळ केली आणि अहवाल लिहायला घेतला. मशीन एकदाही बंद पडले नव्हते. अहवाल रात्रीच्या जेवणाआधी गेला.

बुधवारी सकाळपर्यंत उत्तर आले नाही. नाश्त्याला तिने काही खाल्ले नाही. तिने बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. दुपारच्या बसने ती निघाली. लॅपटॉप तिने मांडीवर घेतला. वरच्या फळीवर ठेवायला वाहक सांगत होता, तिने ऐकले नाही.

काम मिळाल्याचा निरोप ती पारोळ्याच्या पुढे गेल्यावर आला. तिने पहिला फोन सासूला केला, मग आम्हाला. हा क्रम तिच्या आईला संध्याकाळी विहीणबाईंच्या फोनवरून कळला. फोन ठेवून ती काही वेळ भांडी आवरत राहिली.

"बरोबर आहे," मग ती म्हणाली. "खोली त्यांना रिकामी करायची आहे."