भांगाला भरायचा रुतिकाचा वर्ग

आमची रुतिका सारसोळ्याची. बाप होडीवाला, आनि ती शाळेत गनिताची बाई. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं नि गेली. अजून घरात तिचं नाव निघालं की कोनाला घास जात नाय. पन तिनं जे केलं ते सांगायलाच पायजे.

शाळा नेरुळातली, छोटीशी. दुसरीकडं पैशाची ॲप, मोठाले स्क्रीन. इथं एक जुना प्रोजेक्टर, तो पन थापटी मारल्याबिगर चालू व्हायचा नाय. रुतिका बोलली, फुकटात मिळतंय ते तरी वापरू. डब्याला फोन टेकवून ओट्यावर बसायची, गनिताचे व्हिडिओ बनवायची. मधेच कुकरची शिट्टी. तसाच व्हिडिओ ग्रूपवर टाकायची, खाली प्रश्नांचा फॉर्म. पोरांनी घरी बघायचं, फॉर्म भरायचा. कोन कुठं अडकलं ते हिला फोनवर दिसायचं, मग वर्गात तेवढंच घोटून घ्यायची.

मोठ्या बाई, संध्याबाई, बोलल्या, "चाचणीपर्यंत बघते. नाही जमलं तर हे बंद, फळा आणि खडू."

आनि अर्ध्या वर्गाचे फॉर्म कोरे. अर्धा वर्ग म्हंजे आमच्या खाडीकाठच्या सारसोळ्या-कराव्याचाच. रुतिका सातवीतल्या मनस्वीवर भडकली, "रील बघायला टाइम हाय, माझा व्हिडिओ बघायला नाय?"

"बाई, फोन बाबांकडं असतो."

"मग मागून घे."



संध्याकाळी रुतिका तनतनत जेटीवर गेली, मनस्वीच्या बापाला, धनेशला गाठायला. तर होडी निघालेली. आनि होडीतून आवाज कुनाचा? हिचाच! "पोरांनो, फोन घरी आलाय का? चला, अपूर्नांक." मागं कुकरची शिट्टी.

"धनेशदादा! हे काय?"

"बाई, पोर बोलली तुमी ऐकून ठेवा, मला सांगा!" धनेश तिकडनं वरडला. "पाव आनि अर्धा, पाऊन झाला ना? माझी परीक्षा घ्या आता!"

"अरे पन फोन तिला कधी देनार?"

"उधान हाय बाई! आता जाळी सोडून फोन देत बसू? भांग लागू दे, मग फोन तिचाच!"

रुतिकानं कपाळावर हात मारला. उधानाला, म्हंजे पुनव-अमावशेला, पान्याला ओढ असते, मासळी मिळते, होड्या खाडीत. अष्टमीच्या आसपास भांग लागतो, ओढ कमी होते, होड्या जेटीला नि फोन घरी. स्वतः होडीवाल्याची पोर, पन टाइमटेबल करताना सोमवार-गुरुवार बघत बसली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं कालनिर्णय काढून शाळेत नेलं. भांगाला घरी व्हिडिओ, उधानाला तोच व्हिडिओ वर्गात प्रोजेक्टरवर.

संध्याबाई बघतच राह्यल्या. "शाळा तिथीवर चालवणार? साहेब आले तर काय सांगू?"

"सांगा, आमच्या पोरांचं नेटवर्क चंद्रावरनं येतं."

संध्याबाईंना हसू आवरेना. पन अट सोडली नाय त्यांनी.

त्या भांगाला फॉर्म भरून आले. मनस्वीचा तर दोनदा, एकदा तिचा, एकदा धनेशचा. बापाचं एक गनित चुकलेलं, पोरीनं ते गावभर सांगितलं. चाचणीत सारसोळ्याची पोरं फटाफट लिहीत बसली. संध्याबाईंनी पेपर बघितले नि बोलल्या, "चालू ठेव. आणि मलापण शिकव तो फॉर्म."

शिकवला. बरं झालं शिकवला.

ती गेल्यावर वाटलं, आता गेलं सगळं. तेराव्यानंतर थोड्या दिवसांनी घरी फोन आला. संध्याबाई. त्या पडल्या देशावरच्या, खाडीचं त्यांना काय ठाऊक.

"अहो, ह्या वेळेला भांग कधी लागतो? रुतिकाचे व्हिडिओ लावायचेत. पुढचा धडा मी करतेय, माझ्याच्यानं जमेल तसा."

रुतिकाच्या आईनं डोळे पुसले, कालनिर्णयापाशी गेली नि बोटानं अष्टमी शोधली.

"शुक्रवारी बघा बाई. दुपारपासनं फोन घरी असतील."